बिननावाची सव्वा मूठ

ती घटना आजही आठवली की मान खाली जाते. आरोपी सापडला, वरिष्ठांनी पाठ थोपटली, तरीही जाते.

पिंपळनेरजवळच्या एका गावात बांधावरून हाणामारी झाली. डोक्यात दांडा बसून एक जण दगावला. मारणारा फरार. मोबाईल बंद, पाहुण्यारावळ्यांकडे झडती घेऊनही पत्ता नाही. शेवटी खबऱ्या म्हणाला, "साहेब, त्याना मायले बठ्ठं ठाऊक शे."

आईला ठाण्यात बोलावले. बाई दरडावण्याने बधणारी नव्हती. एकच उत्तर, "मनासाठे तो मरी गया, भाऊ." महिला कॉन्स्टेबलनेही विचारून पाहिले. जबाब नोंदवून तिला घरी सोडले.

श्रावणात कानबाईच्या सणाआधी मी पुन्हा त्या घरी गेलो. ती देवीच्या रोटासाठी गहू मोजत होती. आमच्या खानदेशात या रोटाला किलोचे माप चालत नाही. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घ्यायची. माणूस परगावी असला तरी त्याची मूठ निघते, मेलेल्याची निघत नाही. सोबतचे हवालदार सांगलीकडचे. ते निवांत पाणी पीत बसले. मी तिच्या हाताकडे पाहत होतो. तिने नवऱ्याचे नाव घेतले, धाकट्या मुलाचे घेतले. मग माझ्याकडे पाहून ओठ मिटले आणि आणखी सव्वा मूठ सुपात टाकली. घरात तिसरा पुरुष नव्हता.

मी चहा घेतला आणि गुपचूप निघालो. हा रोट घरच्यांनीच खायचा, टाकायचा नाही. म्हणजे तो पोहोचवायला कोणीतरी जाणारच. साध्या वेशातला माणूस पाळतीवर ठेवला. कानबाईचे विसर्जन झाल्यावर धाकटा फडक्यात रोट बांधून एसटीत बसला. आम्ही मागोमाग. धुळ्याला गाडी बदलून तो सावद्याला उतरला. थोरला तिथे केळीचे ट्रक भरायला लागला होता. केळीच्या पानांच्या ढिगाआड बसून त्याने रोट मोडला आणि आम्ही झडप घातली.

"साहेब, इतलं खावू द्या. कानबाईना शे."

मी बेडी घालायला सांगितले. झटापटीत रोट चिखलात पडला. फरार आरोपीला जेवू घालण्याची जोखीम कोण घेणार, असे मी तेव्हा स्वतःला बजावले. पण दोन्ही बाजूंना माझी माणसे उभी होती. तो पळणार तरी कुठे होता?

दुसऱ्या दिवशी आई ठाण्यात आली. शिव्याशाप देईल असे वाटले होते. तिने मुलाची भेटसुद्धा मागितली नाही. एवढेच विचारले, "भाऊ, रोट पुरा खादा का त्यानी?"

"हो अक्का, पुरा खाल्ला."

"तुन्हं भलं होवो," म्हणत तिने मला हात जोडले.

त्याला धरल्याचे दुःख नाही. जो मेला, त्याच्याही घरी आई होती. पण खोटे बोलणाऱ्याचा आवाज कुठेतरी अडखळतोच, असे मी नव्या शिपायांना छातीठोकपणे शिकवत असे. त्या दिवशी माझा अडखळला नाही. तेव्हापासून ते शिकवायचे मी सोडून दिले.