पायाळूचा घोटा

आमचे मालक मल्लिकार्जुनअप्पा पायाळू हायत. म्हणजे जन्माला येताना डोक्याऐवजी पायानं आले. अशा माणसाचा पाय लागला की उसण उतरते, लचक निघते, असं आमच्या उदगिरात समदे मानतात. मोंढ्यात डाळीचं दुकान हाय, पण तिथं गिऱ्हाईक कमी आन कंबर धरून आलेले जास्त. हे गल्ला सोडून उठणार, उजवा पाय दुखऱ्या जागी टेकवणार, आन चहा पाजून पाठवणार. दुकान बुडालं तरी ह्यांना झोप लागंल. पण वाकडा झालेला माणूस दारात यायचा थांबला, तर हे खलास. मी बायको हाय, मला ठावं.

आन अशा माणसानं पन्नाशीत व्यापाऱ्यांच्या सामन्यात व्हॉलीबॉल खेळावं? उडी मारली, बॉल राहिला वर, आन हे उतरले गुरुबसप्पा आडत्याच्या बुटावर. उजवाच घोटा! भरताच्या वांग्यावानी सुजला.

"आंबेहळदीचा लेप घालते," म्हणलं.

"येडी का काय? वास गल्लीभर जाईल. पायाळूचाच पाय मुरगळला म्हणल्यावर कोण येईल आपल्या दारात?"

ह्यांनी मोरीत लपून आपल्याच डाव्या पायानं उजव्याला लाथ घालून बघितली. मग डावा बी दुखायला लागला.

तेवढ्यात पेपरात आलं, नांदेडच्या एका दवाखान्यात खेळाडूंच्या मुरगळलेल्या घोट्यांवर प्राणवायूची चाचणी हाय. गल्लीत सांगितलं, लग्नाला चाललो, आन गेलो.

डॉक्टरीण मृण्मयीबाई तरणी पोरगी. "खेळाडू कोण?" तिनं विचारलं.

"मीच. व्हॉलीबॉल," हे बोलले. तिनं ह्यांच्या पोटाकडं बघितलं आन मुकाट लिहून घेतलं.

काचेच्या खिडकीची मोठी लोखंडी टाकी. आत माणसाला निजवायचं, दाब वाढवायचा आन प्राणवायू सोडायचा. अर्ध्या लोकांना प्राणवायू, अर्ध्यांना नुसती हवा. कुणाला काय, ते कुणालाच सांगायचं न्हाई. आत तेल चालत न्हाई, पेट घेतंय म्हणे, म्हणून ह्यांचं डोकं साबणानं धुवायला लावलं. लग्नापासून पहिल्यांदाच ह्यांचे केस उभे बघितले. मी काचेतून बघून राहिले, तर हे आत हात जोडून पडलेले.

गडबड झाली ती बाहेरच्या बाकड्यावर. तिथं रेणापूरचा एक कबड्डीवाला लंगडत आला आन ओरडला, "अवो, हे तर उदगीरचे पायाळू अप्पा!"

झालं! समदे लंगडे रांगेत. मी डोळ्यानं खुणावलं, न्हाई म्हणा. पण ह्यांना न्हाई म्हणता येतंय व्हय? त्याच सुजलेल्या पायानं एकेकाच्या घोट्याला पाय लावून राहिले, डोळ्यात पाणी आलं तरी. टाकीत निजायला दर आठवड्याला आमची फेरी असायची, तवा हेच चालायचं.

महिनाभरात, प्राणवायू मिळालेला असो का नुसती हवा, समदे बरे झाले. लंगडत राहिले ते फक्त आमचे मालक. शेवटी एका नव्या लंगड्याला पाय लावताना मृण्मयीबाईनं ह्यांना रंगेहाथ पकडलं.

"तुम्ही सगळ्यांना लाथ मारली?"

"लाथ न्हाई मॅडम. पाय लावला."

ती डोक्याला हात लावून बसली. "आता मला कळणार कसं, कोण कशानं बरं झालं?"

"तुमची हवा आन माझा पाय, अर्धं अर्धं धरा की," हे समजुतीनं बोलले.

"काका, साधी मुरगळ बहुतेक वेळा आपोआपच बरी होते! प्राणवायूनं जरा लवकर होते का, एवढंच मला बघायचं होतं. आणि तुमची का होत नाही? तुम्ही त्याच पायानं गावाला लाथा घालताय म्हणून!" तिनं ह्यांना चाचणीतून काढलं.

बसमध्ये मुखेड आल्यावर हे म्हणाले, "अंबिके, आपोआपच बरी होते म्हणे. मग मी जन्मभर काय करून राहिलो?"

मला त्या पोरीचा लई राग आला. ती खोटं बोलली नव्हती, म्हणून जास्तच आला.

घरी ओट्यावर शेजारची भामाबाई कंबरेत वाकून बसलेली.

"घरी जावा, भामाबाई," हे म्हणाले. "आपोआप बरं होतंय."

"ते मला बी ठावं हाय की! दर साली होतंय. पण घरात वाकडी होऊन पडले तर कुणी विचारत न्हाई. तुम्ही निदान गल्ला सोडून उठता."

ह्यांनी मोजा काढला आन पाय तिच्या कंबरेला टेकवला.

"आई गंऽऽ!" असे हेच बोंबलले की समोरच्यांचं दार उघडलं. भामाबाई दचकून ताठ उभी!

"अगं बया! ह्यांचाच पाय सुजलाय की!"

सगळी गल्ली गोळा झाली. मी म्हणलं, गेली इज्जत. पण हे ओट्यावर मधोमध बसले आन पाय लांब केला.

"अंबिके, आण ती आंबेहळद."

भामाबाईनं तो पाय आपल्या मांडीवर घेतला. मी लेप घातला. वास गल्लीभर गेला.