गमबुटातला संच

त्याला सगळे नाणेवाला म्हणत. बायको घरात ‘अहो’ म्हणायची, पण चारचौघांत तिच्याही तोंडी ‘आमचे नाणेवाले’च असायचं. जुनी नाणी घ्यायची आणि विकायची, एवढ्या भांडवलावर या माणसाने संसार केला होता, घर घेतलं होतं, लेकीचं लग्न करून दिलं होतं. मेहुण्याला हे कधी पटलंच नाही. त्याचं फरशांचं मोठं गोदाम होतं आणि दर भेटीत त्याचं एकच पालुपद असायचं. “भाऊजी, पैसे विकून कुणी पैसे कमावतं का? माझ्याकडे या. खुर्चीत बसा, मालाची आवक-जावक बघा.” नाणेवाला हसून विषय बदलायचा. गेल्या वर्षापासून मात्र त्याला ते हसू जमेनासं झालं होतं.

आधी दुकान गेलं. इमारत पाडायची म्हणून मालकाने सगळ्यांनाच बाहेर काढलं. दुकानातली तिजोरी भिंतीत चिणलेली होती, ती भिंतीबरोबरच गेली. मग ज्या मोठ्या वेबसाइटवरून तो लांबलांबच्या गिऱ्हाइकांना नाणी विकायचा, तिने एका सकाळी त्याचं खातं बंद केलं. कारण काय, तर ‘संशयास्पद व्यवहार’. कुणाला संशय, कसला व्यवहार, हे विचारायला पलीकडे माणूसच नाही. याने मेलवर मेल पाठवले आणि प्रत्येकाला ‘आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो’ असं गोड उत्तर आलं. भिंतीवर डोकं आपटलं तर निदान भिंत आभार तरी मानत नाही.

मग विकायच्या दुसऱ्या वाटा शोधायची वणवण सुरू झाली. जुन्या गिऱ्हाइकांना त्याने किमतींची पत्रकं पोस्टाने धाडली; निम्मी परत आली, कारण घेणारेच जगात उरले नव्हते. नाण्यांच्या प्रदर्शनात टेबल लावलं, तर तिथे विकणारेच एकमेकांना विकत बसलेले. लिलाववाल्यांकडे गेला. ते म्हणाले, माल ठेवून जा, पुढच्या हंगामात बघू. पोटाला हंगाम कळत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

शेवटी बायकोच म्हणाली, “अहो, आपण लाइव्ह करू या की. ती चपलावाली नाही का फोनसमोर उभी राहून विकत?”

“म्हणजे मी फोनसमोर नाचू?”

“नाचू नका. तुम्ही नुसतं नाणं धरा. बोलायचं मी बघते.”

जेवणाच्या टेबलावर काळं कापड पसरलं, दिवा लावला, डब्यांच्या चळतीवर फोन टेकवला, आणि नाणेवाल्याचे दोन हात जगासमोर आले. बाकीचा माणूस कडेला दडून बसला होता. बायको मात्र रंगली. “या राजाचं नाक बघा, आरशाने कसं सोसलं असेल कोण जाणे, पण चांदी अस्सल आहे हं!” लोक हसले, थांबले, चार साधी नाणी विकलीही गेली. नाणेवाल्याला हुरूप आला. आणि हुरूप आला की शहाण्या माणसाचंही भान सुटतं. याचंही सुटलं. त्याने उठून तो संच आणला.

संच म्हणजे एकाच राजाच्या कारकिर्दीतली चांदीची नाणी, दर वर्षाचं एक, मधलं एकही वर्ष न चुकवता. त्यातलं एकही नाणं कधी बाजारात फिरलं नव्हतं. टाकसाळीतून निघताना नाण्यावर एक मऊशी झळाळी असते. ती खिशात गेली की मरते आणि पुन्हा कोणत्याही उपायाने येत नाही. या नाण्यांवर ती जशीच्या तशी होती. बरीच वर्षं खपून त्याने तो जमवला होता. हा संच नीट विकला गेला की वर्षभर निभणार होतं आणि मेहुण्याच्या गोदामाची पायरी चढावी लागणार नव्हती. लोकांची भूक चाळवावी म्हणून त्याने एकेक नाणं कडेने धरून दिव्याखाली फिरवलं आणि सांगितलं, “हा पुढे कधीतरी काढीन.”

तेवढ्यात स्क्रीनवर एक ओळ आली. ‘घर ओळखलं! आमच्याच गल्लीतलं. तिसरा मजला ना?’

नावाच्या जागी नुसतं मांजराच्या पिल्लाचं चित्र. नाणेवाल्याने ती ओळ दोनदा वाचली. त्याने मागे वळून पाहिलं. खिडकी सताड उघडी होती आणि समोरच्या शाळेचं घड्याळ त्या चौकटीत अगदी फोटोला बसल्यासारखं दिसत होतं. त्याने हात लांबवून फोनच आडवा केला. बायको बोलतच होती.

त्या दिवसापासून त्याच्या जिवाला घोर लागला. मांजराच्या पिल्लाला घाबरणारा माणूस बघून तुम्हाला हसू येईल, येऊ द्या. पण घरात वर्षभराचं अन्न मुठीएवढ्या कापडी थैलीत आहे, आणि कोणीतरी मजल्यासकट ते ओळखून बसलाय, अशा घरात एकदा राहून बघा. वीजमीटर वाचायला आलेल्या माणसाला त्याने दारातच उभं करून ओळखपत्र उलटसुलट तपासलं. खाली कुणी स्कूटरवर बसून फोनवर बोलत असला की हा पडद्याआडून बघत राहायचा. बाजारात मागून पावलं वाजली की हा थांबून त्यांना पुढे जाऊ द्यायचा. बायको भाजी आणायला गेली की परत येईपर्यंत याचा जीव टांगणीला.

बँकेत लॉकर मागितला होता. पण तिथे रांग होती, आणि ती कधी सरकेल हे बँकेलाही ठाऊक नव्हतं. म्हणून थैली घरातच फिरू लागली. कपाटात ठेवली, तर चोर आधी कपाटच उघडणार. पिठाच्या डब्यामागे ठेवली, तर हल्लीच्या चोरांना स्वयंपाकघरही पाठ असतं म्हणे. आणि मग त्याला बाल्कनीतले गमबूट दिसले. दुकानाच्या तळघरात नळ फुटला तेव्हा घेतलेले, रबरी, काळे, मळके, मोठाले. चोर काय, भंगारवाल्यानेही त्यांना हात लावला नसता. त्याने थैली उजव्या बुटाच्या टोकापर्यंत सारली आणि वरून रद्दी कोंबली.

आता खरी गोष्ट ऐका. रबर चांदीला खातं, हे या माणसाला ठाऊक नव्हतं असं नाही. चांदीच्या पुडीला रबरबँड लावून आणणाऱ्या गिऱ्हाइकांना दुकानात त्याने जन्मभर झापलं होतं. रबरातून जी हवा सुटते तिने चांदी काळी पडते. कागदाच्या पाकिटातून, कापडातून ती आरपार जाते, आणि ऊन असलं तर कामाला जास्तच लागते. बाल्कनीत दिवसभर ऊन. पण त्याने मनाशी ठरवलं की दोन दिवसांचाच प्रश्न आहे. तेवढ्यात काय होतंय?

दोन दिवसांनी एक अनोळखी फोन आला आणि पलीकडून कुणी न बोलताच ठेवून दिला. त्या दिवशी थैली काढायची राहिली. मग समोरच्या इमारतीवर रंगारी चढले. त्यांच्यादेखत बुटात हात कसा घालायचा? रंगारी गेले तोवर एक वेगळीच भीती मनात येऊन बसली होती. ती चोराची नव्हती. आता थैली उघडली आणि आत नको ते दिसलं तर? न उघडता निदान नाणी होती तशी असू शकत होती. तो रोज बाल्कनीच्या दारापर्यंत जायचा, बुटांकडे बघायचा आणि माघारी यायचा. अशाने महिना उलटला.

आणि एका सकाळी मांजराच्या पिल्लाचा निरोप आला. ‘तो संच द्याल का? मला हवाय. आज संध्याकाळी घरी येऊ?’

नाणेवाल्याने फोन बायकोपुढे धरला. “सांग, घरी कुणी नाही म्हणून. नको! घरी कुणी नाही म्हटलं तर आजच येईल! सांग, घरात पाहुणे आहेत. पुष्कळ आहेत. धट्टेकट्टे आहेत.”

“अहो, गप्प बसा बरं,” बायको म्हणाली आणि तिने सरळ विचारलं, ‘आपण कोण?’ उत्तर लगेच आलं. कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर. तिची अक्कलदाढ त्यांनीच काढली होती. चित्र त्यांच्या नातीने लावून दिलं होतं, काढायचं कसं ते त्यांना येत नव्हतं.

“घ्या! तुमचा दरोडेखोर!” बायको हसत सुटली. हासुद्धा हसला. महिन्याभरात पहिल्यांदाच छाती भरून श्वास घेतला त्याने. घरबसल्या गिऱ्हाईक, तेही गल्लीतलं, संबंध संच घेणारं! आणि हसता हसताच त्याला बूट आठवले. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि तो बाल्कनीकडे धावला.

त्याने रद्दी उपसली, थैली ओढली, पहिलं पाकीट उघडलं. राजाचा चेहरा तव्याच्या बुडासारखा झाला होता. दुसरं उघडलं. तिसरं. मग तो खालीच बसला. उरलेली बायकोने उघडली, एकेक करत.

“घासून देऊ का?” तिने हळूच विचारलं. “चांदीचा पेला घासते तशी?”

“घासलं की संपलंच.”

पण त्याच्याकडे रसायनाची एक बाटली होती. आतल्या पाण्यात नाणं क्षणभर बुडवलं की काळं निघून जातं आणि नाणं लख्ख होतं. फक्त ती झळाळी जाते, आणि उरते ती स्टीलच्या चमच्याची चमक. जाणकाराला एका नजरेत कळतं. दातांच्या डॉक्टरांना जन्मात कळलं नसतं. या धंद्यात असं करणारे थोडे नाहीत, आणि ते सुखाने झोपतातही. त्याने वाटीत बाटली ओतली, एक नाणं चिमटीत धरलं आणि वाटीवर नेलं.

नाणं वाटीवरच थांबलं. उद्या हाच माणूस कोपऱ्यावर भेटणार, ‘काय नाणेवाले!’ म्हणून हाक मारणार. परवा भेटणार. मग कधीतरी तो संच एखाद्या जाणकाराला दाखवणार, आणि त्यानंतर पुन्हा कोपऱ्यावर भेटणार. ती कल्पनाच त्याला सोसेना. म्हणून त्याने वाटी मोरीत ओतून दिली. याला कुणी प्रामाणिकपणा म्हणू नये. तो घाबरला, इतकंच.

संध्याकाळी डॉक्टर आले. लठ्ठ, मऊ आवाजाचे गृहस्थ, नव्या शर्टात, मुलगी बघायला आल्यासारखे सावरून बसले. नाणेवाल्याने टेबलावर नेहमीचं कापड पसरलं आणि नाणी मांडली. काळ्या कापडावर काळी नाणी. डॉक्टर थोडा वेळ वाट बघत राहिले आणि म्हणाले, “आणताय ना?”

“मांडलीत. समोरच आहेत.”

डॉक्टर वाकले. “पण त्या दिवशी तर… ही तीच?”

“तीच. रबराने काळी पडली. आता पहिल्यासारखी व्हायची नाहीत.”

“तुमच्याकडे रबर कुठून आलं नाण्यांजवळ? तुम्ही तर इतके जपून धरत होतात.”

“गमबुटात ठेवली होती.”

डॉक्टरांना हसू फुटलं. “गमबुटात! का हो?”

“लपवली होती.”

“कुणापासून?”

बायको कपबश्या घेऊन दारातच थांबली. चोरांपासून, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण महिनाभर स्वतःच्या मनाला खोटी कारणं देऊन तो थकला होता.

“तुमच्यापासून,” नाणेवाला म्हणाला. “तुम्ही घर ओळखलंत, त्या दिवसापासून.”

डॉक्टरांचं हसू ओसरायला वेळ लागला. मग ते नाण्यांकडेच बघत म्हणाले, “मला आनंद झाला होता हो. लहानपणी माझ्याकडे डबाभर नाणी होती. वाटलं, आपल्याच गल्लीत असा माणूस राहतो आणि आपल्याला पत्ताच नाही.” त्यांनी एक नाणं बोटाने उलटलं. “दिवसभर माझ्यासमोर माणसं घाबरूनच बसतात. त्याची सवय आहे. पण दवाखान्याबाहेर माझी कुणाला भीती वाटत असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.”

नाणेवाल्याला काहीतरी बोलायचं होतं. चूक आमची, किंमत अर्धी करतो, पाव करतो, चहा तरी घ्या. त्याऐवजी तो नाणी सरळ ओळीत लावत बसला.

“मला ती त्या दिवशीसारखी हवी होती,” डॉक्टर उठत म्हणाले. “रागावू नका.”

ते दाराशी गेले आणि कडी शोधू लागले. दाराला या महिन्यात बसवलेल्या कड्या होत्या, वर एक, खाली एक, मध्ये साखळी आणि शिवाय कुलूप. आतल्या माणसाशिवाय ते कुणाला उघडलं नसतं. नाणेवाला धावत पुढे गेला. संच गेला होता, गिऱ्हाईक चाललं होतं आणि सोमवारी मेहुण्याला फोन करावा लागणार होता. वरची कडी निघाली. साखळी अडकली, तो ओढत राहिला. डॉक्टर बाजूला सरकून, हात मागे बांधून उभे राहिले आणि एकेक कडी निघताना बघत राहिले.