उपाशी पोटी

स्पिरिटच्या बोळ्याचा वास आला की मला बिबवेवाडीतल्या लॅबमधली ती सकाळ आठवते. थोरला भाऊ बेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेला, त्याला तीन आठवडे झाले होते. कोलेस्टेरॉलचा दोष घराण्यात असू शकतो, भावंडांनी तपासून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी टाळत होतो, म्हणून शेवटी वहिनीच मला घेऊन गेल्या. रात्रीपासून पोटात काही नव्हतं, तरी भूक अशी नव्हतीच. रक्त घेणाऱ्या बाईंनी दंडाला पट्टा आवळत विचारलं, "घरात कुणाला हार्टचा त्रास?" "भावाला," मी म्हणालो. "आता कसे आहेत ते?" "बरा आहे," माझ्या तोंडून निघून गेलं. वहिनी शेजारीच उभ्या होत्या. सुई कधी टोचली ते मला कळलंही नाही. बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, काहीतरी खाऊन घ्या." कोलेस्टेरॉल बरंच वाढलेलं निघालं आणि गोळी सुरू झाली. आज मी पन्नाशीत आहे, थोरल्यापेक्षा मोठा. आता कुणी विचारलं तर खरं ते सांगतो, आणि सांगताना मला काहीच वाटत नाही.