आयरिश अंगाई

माणसाला चारचौघांत मान खाली घालायला लावण्याचे जेवढे म्हणून प्रकार या जगात आहेत, ते सगळे माझ्या साडूंनी माझ्यावर करून पाहिले आहेत, आणि तेही कधी न पाहिलेल्या आयर्लंड नावाच्या देशापायी. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे कोकणातले, खेडकडचे, पण उमेदीची सगळी वर्षं इकडे अबुधाबीत गेली. एका कंत्राटदाराकडे स्कॅफोल्डिंग, म्हणजे बांधकामाच्या परांच्या, तपासणं हे त्यांचं काम. नवीन नवीन आले तेव्हा कॅम्पवरून साइटवर नेणाऱ्या पिकअपमध्ये एक आयरिश इंजिनिअर असायचा आणि त्याच्या कॅसेटी वाजायच्या. बाकीची माणसं त्या गोंगाटात झोप काढायची, आमचे साडू जागे राहिले. बस्स, तिथून जे लागलं ते लागलं. तो इंजिनिअर कधीच मायदेशी गेला, पण साडूंच्या डोक्यातला आयर्लंड काही व्हिसा संपला म्हणून परत जाईना.

बँडची नावं ते घेत नाहीत. घरच्या माणसांची नावं कोण घेतं? 'डब्लिनचे चौघे', 'लिमरिकची बाई', 'ती व्हायोलिनवाली भावंडं' असं त्यांचं गणगोत आहे, आणि त्यातला कोण कोणाशी भांडून वेगळा झाला, कोणाचा घसा बसला, कोण वारलं याची खबर त्यांना सख्ख्या चुलत्यांपेक्षा आधी असते. लिमरिकची बाई गेली तेव्हा त्यांनी ऑफिसात सुट्टी मागितली होती. "कोण वारलं?" असं मॅनेजरनं विचारल्यावर "फ्रॉम मदर्स साइड" म्हणाले. त्यांच्या गाडीत बसणं म्हणजे तर शिक्षाच. अबुधाबी ते दुबई सरळसोट रस्ता, पळायला जागा नाही, आणि हे स्टिअरिंग सोडून हवेत ढोल बडवतायत. "आता ऐक हं, आता गिटार रडणार... रडली! ऐकलंस?" शेजारच्या गाडीतले लोक काच खाली करून बघत. मी मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसे.

"आयर्लंड म्हणजे कोकणच रे," हे त्यांचं लाडकं मत. "सतत पाऊस, बाजूला समुद्र, खिशात दमडी नाही, घरटी एक माणूस परदेशात, आणि बांधावरून भावाभावांत बोलणं बंद. फक्त फणस तेवढे नाहीत." हे त्यांनी एकदा सुपरमार्केटच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका गोऱ्या गृहस्थांना इंग्रजीत समजावून सांगितलं. ते गृहस्थ स्कॉटलंडचे निघाले. साडू डगमगले नाहीत. "शेजारचेच ना?" म्हणाले.

आणि गाणं! ते ऐकत तोवर एक वेळ ठीक होतं. पण ते गात. दुबईतल्या ऊद मेथाच्या हॉलमध्ये मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाचा कार्यक्रम असला की बायकांची लावणी आणि कोणाची तरी मिमिक्री यांच्या मध्ये हिरवा कुर्ता घालून साडू उभे राहत आणि "सादर करतो, आयरिश भावगीत" अशी घोषणा करत. आवाज गोड, सूर पक्का, हे कबूल करायला हवं. पण शब्द? घासलेल्या कॅसेटवरून जे कानावर पडलं ते पाठ केलेलं, आणि जिथे पडलं नाही तिथे मनानं भरलेलं. मी खांबाआड सरकायचो. एकदा माझ्या मुलीनं माझी बाही ओढून विचारलं, "बाबा, इज ही रिअली रिलेटेड टू अस?" मी म्हणालो, "आईच्या बाजूनं."

या सगळ्यात त्यांचं एक गाणं राखीव होतं, फक्त बारशासाठी. संथ लय, पाळण्याच्या झोक्यासारखी चाल, आणि मधूनमधून 'बेबी, बेबी'. आयर्लंडची अंगाई आहे म्हणायचे. आमच्या दोन्ही घरांतलं एकही मूल त्या अंगाईवाचून पाळण्यात निजलं नाही.

गेल्या हिवाळ्यात शारजात माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचं बारसं झालं. माझी भावजय नर्स आहे. तिच्या वॉर्डातली एक वयस्कर आयरिश नर्स हौसेनं साडी नेसून आली होती. साडूंना हे कळलं मात्र, हातातली घुगऱ्यांची वाटी त्यांनी सरळ माझ्याकडे दिली. "कुठलं गाव, सिस्टर?" तिनं सांगितलं, "लिमरिकच्या जवळच." साडू तिच्या पाया पडतात की काय, असं मला वाटलं. आत्यानं बाळाच्या कानात 'कुर्र' केलं, बायकांचा पाळणा म्हणून झाला, आणि साडू पुढे झाले. त्या बाईंना हाताला धरून त्यांनी पाळण्यापाशी आणलं आणि डोळे मिटून गायला लागले.

पहिल्या कडव्यालाच बाईंचे डोळे भरले. साडूंनी एक डोळा उघडून ते पाहिलं, कृतार्थ झाले आणि दुसरं कडवं दुप्पट जीव ओतून म्हटलं. बाई वळल्या आणि बाल्कनीत निघून गेल्या. भावजय त्यांच्या मागे धावली. माझ्या मुलीनं तोवर फोनला चाल ऐकवून ते गाणं शोधलं होतं. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला आणि हळू बोलावं हे काही त्या वयात सुचत नाही. "काका, धिस इज नॉट अ ललबाय. द बेबी इज डेड. आई त्याला उठवतेय, आणि तो उठत नाहीये."

माझी आई तडक स्वयंपाकघरात गेली, मीठमोहऱ्या घेऊन आली आणि बाळावरून उतरू लागली. एकदा झालं, दोनदा झालं, ती थांबेचना. साडू पाळण्याची दोरी हातात धरून तसेच उभे. कानाच्या पाळ्या लालबुंद. "मला वाटलं, अंगाई आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुझ्या मुलीच्या बारशालाही म्हटलं होतं रे मी."

"काही झालं नाही तिला. रोज शावर्मा खाते," मी म्हणालो. कोणी हसलं नाही. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. पण पाचव्या मजल्यावर तशी सोय नसते.

साडू बाल्कनीकडे निघाले. एकट्यानं तिथे काय बोलतील या धास्तीनं मीही मागोमाग गेलो. "सिस्टर, सॉरी," ते म्हणाले. "आय थॉट, बेबी स्लीपिंग." बाईंनी पदरानं नाक पुसलं. त्यांच्या आईचं पहिलं मूल असंच गेलं होतं. घरात त्याचं नाव कोणी घेत नसे आणि रेडिओवर हे गाणं लागलं की वडील उठून बंद करत. एवढं सांगून त्या साडूंकडे बघत राहिल्या. "शब्द तुम्ही एकूण एक चुकलात," त्या इंग्रजीत म्हणाल्या आणि रडता रडता हसल्या. "पण मूल झोपलंय असंच समजून कोणी हे म्हटलेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं." त्यांनी साडूंचा हात घट्ट दाबला. साडूंनी मान वर केली नाही. त्यांना तेवढं इंग्रजी कळलं की नाही, देव जाणे.

त्या दिवसापासून त्यांचं गाणं बंद झालं. मेव्हणी सांगते, गाडीतही बातम्या लावतात. सुटलो, असं आम्हा सगळ्यांना वाटायला हवं होतं. एका शनिवारी ते एकटेच आमच्या घरी आले, सोफ्याच्या कडेवर अवघडून बसले आणि माझ्या मुलीला म्हणाले, "बाळा, मला एकेक गाणं समजावून सांगशील? लाज वाटते, पण कोणाला विचारू?" आता बहुतेक शनिवारी हे चालतं. ती शब्द वाचते, सोप्या इंग्रजीत सांगते, अडलं की तोडक्यामोडक्या मराठीत सांगते. साडू हात मांडीवर ठेवून शाळेतल्यासारखे ऐकतात. ज्याच्यावर ते लग्नाच्या वरातीत नाचले होते ते गाणं गोळीबाराचं निघालं. हळदीला म्हणायचे ते बायको सोडून गेलेल्या माणसाचं.

परवा मी चहा गाळत होतो. बाहेर गाणं संपलं, मुलीचं सांगूनही झालं. मग साडूंचा आवाज आला. "एवढं दुःख होतं गं या लोकांकडे. आणि मी ताल धरत होतो."

मुलगी म्हणाली, "इट्स ओके, काका. तुम्हाला आवडत होतं ना?"

त्यावर ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. चहा कपांत ओतून झाला होता. तरी तो घेऊन बाहेर जायला माझा पाय उचलेना.