कुलपाआडची घोषणा

ये गं, अशी जवळ बस. बाळाच्या लशीचा डोस पुन्हा चुकवलास ना? आधी सर्दी, मग पाहुणे, आता म्हणे लेकरू रडतं ते बघवत नाही! माझ्या आईलाही, तुझ्या पणजीला, बघवायचं नाही.

आम्ही तेव्हा लालबागला चाळीत राहायचो. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस. मी पाचेक वर्षांची, भाऊ तान्हा. पालिकेचा माणूस दारोदार फिरून पोरांना देवीची लस टोचायचा. मग दंडावर फोड यायचा, ताप भरायचा. देवीनं लेकरं जातात हे आईला ठाऊक होतं, पण डोळ्यांपुढे दिसायचा तो ताप. भाऊ आधीच किरकोळ. तो माणूस येतोय अशी कुणकुण लागली की बऱ्याच बाया पोरांना आत कोंडून बाहेरून कुलूप घालायच्या. कुलूप दिसलं की तो पुढे जायचा.

त्या दिवशी आईनं माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. "हूं की चूं करायचं नाही!" मी भावाला घेऊन दाराआड. बाहेर आई सांगत होती, "पोरं गावाला गेलीत हो, आजीकडे."

तेवढ्यात खाली पोरांचा खेळातला मोर्चा निघाला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

हे ऐकून गप्प बसेल असं पोर आमच्या चाळीत नव्हतंच. मी गूळ थुंकला नि आतून ओरडले, "झालाच पाहिजे!"

"बाई, तुमचं कुलूप घोषणा देतंय," तो माणूस म्हणाला. सगळी गॅलरी हसली. शेजारची मालवणी काकी म्हणते कशी, "पोरां गावाक गेली ना गो? मग आतसून कोण बोंबलता?"

आईनं कुलूप काढलं. पदर डोळ्यांपर्यंत ओढून तिनं भावाला पुढे केलं. लस टोचली. ताप आला, उतरलाही. आई मात्र कितीतरी दिवस गर्दी ओसरल्यावरच नळावर जायची. मी कळशी घेऊन मुकाट मागे. एक धपाटा घालेल तर बरं, असं वाटायचं. घातलाच नाही. पुढच्या पोरांच्या वेळी आपणहून दारात उभी राहायची, पण मान वर करून नाही.

भावाच्या दंडावरचा व्रण दिसला की आजही मला बरं वाटतं, आणि तेवढीच लाजही. आईला चारचौघांत खोटं पाडलं मी.

म्हणून तर तुला सगळ्यांपुढे नाही बोलले, एकटीला इकडे बोलावलं. उद्या बाळाला टोचून आण. रडू दे थोडं. आणि तशीच त्याला घेऊन इकडे ये गं, लवकर ये.