पडद्यावरचा म्हातारा फौजदार

कोरियातल्या इंचॉन बंदराच्या त्या वसाहतीत अकरा इमारती आणि दोन चौकीदार. त्यांतला एक प्यो गिल-सॉप. वय सदुसष्ट, वजन अठ्ठावन्न किलो. तीस वर्षं त्याने गुन्हे शाखेत काढली आणि आता दर गुरुवारी सकाळी तो आवारात बसून लोकांनी टाकलेल्या बाटल्यांची लेबलं सोलतो. गुंडांपेक्षा बाटल्या बऱ्या, मागून वार करत नाहीत, असं म्हणायचा.

दुसरा चौकीदार गु. वयाने चार वर्षं लहान, तोंडाने चौपट.

"दादा, तो गुंड-पोलिसांचा पिक्चर पाहिलात की नाही? तुमच्याच बंदरावरचा आहे म्हणे. त्यातला म्हातारा फौजदार एकटा चौदा जणांना लोळवतो. जावई म्हणाला, असा माणूस तुमच्या चौकीत पाहिजे. मी म्हटलं, आहे ना, पण तो लेबलं सोलतो."

प्यो हसला नाही. त्याने पिक्चर मंगळवारीच एकट्याने जाऊन पाहिला होता.

बावीस वर्षांपूर्वी मासळी बाजारामागच्या शीतगृहात दोन टोळ्या भिडल्या होत्या. तिथे प्योच्या हाताखालचा मो यंग-हून नावाचा तरुण शिपाई सुरा भोसकला जाऊन मेला. पिक्चरमध्ये तो 'थांब' म्हटलेलं न ऐकता मर्दुमकी गाजवायला आत धावतो आणि मरतो. मग म्हातारा फौजदार आत घुसतो, सगळ्यांना झोडपतो आणि त्याचं प्रेत खांद्यावर घेऊन बाहेर येतो. मारामारी सोडली तर सरकारी अहवालातही हेच होतं. अहवालाखाली प्योची सही होती. हुकूम मोडून गेलेला म्हणून यंग-हूनला हुतात्म्यांच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत जागा मिळाली नाही. त्याच्या अस्थी गावाबाहेरच्या साध्या अस्थिगृहात, चौथ्या मजल्यावरच्या एका कप्प्यात आहेत.

मंगळवारपासून प्योला फोन सोडवत नव्हता. प्रेक्षकांची मतं तो एकेक करून वाचत होता. कुणी लिहिलं होतं, 'मारामारीला दहापैकी नऊ, गोष्टीला दोन.' कुणाला मुख्य गुंडाचा कोट कुठे मिळतो ते हवं होतं. एकाने लिहिलं, 'म्हाताऱ्याने रडवलं राव. असा साहेब मिळायला नशीब लागतं.' आणि सर्वांत जास्त पसंती मिळालेलं मत होतं, 'तो पोरगा अव्वल नंबरचा मूर्ख. थांब म्हटल्यावर थांबायचं ना! मेला ते बरं झालं, पिक्चर तरी पुढे सरकला.'

प्यो ते वाचायचा, फोन खिशात टाकायचा, पुन्हा काढायचा.

दहाच्या सुमाराला सुन-ओक आली. यंग-हूनची बायको. बाजारात तिचं लोणच्या-भाज्यांचं दुकान आहे. महिन्यातून एकदा ती प्योसाठी मुळ्याच्या किमचीचा, तिथल्या आंबट-तिखट लोणच्याचा, डबा आणायची. आज हात रिकामे होते. गुने तिचा चेहरा पाहिला आणि झाडू घेऊन निघून गेला.

"दादा, दा-इन तीन दिवस जेवली नाही," चौकीतल्या स्टुलावर बसत ती म्हणाली. "बापाला मूर्ख म्हणणाऱ्या एकेकाला उत्तर देत बसलीय. तेही हिला सोडत नाहीत. एक म्हणाला, मूर्खाचीच मुलगी दिसतेस."

"तिला म्हणावं, वाचू नको. चार दिवसांत विसरतात लोक."

"तुम्ही वाचता ना?"

प्योने खिशातला फोन काढून टेबलावर पालथा ठेवला.

"मीही पाहिला पिक्चर. अहवाल मी वाचलाच नव्हता, धीरच झाला नाही. पण पडद्यावर तो धावत आत गेला ना, तेव्हा वाटलं, हा माझा माणूस नाही." सुन-ओक खाली बघून बोलत होती. "दादा, तुम्ही आमच्याकडे जेवायला यायचात. तुम्ही चमचा उचलेपर्यंत तो भाताला हात लावत नसे. सूप गार व्हायचं, मी चिडायचे. जो तुमच्याआधी घास घेत नव्हता, तो तुम्हाला न विचारता दारातून आत गेला?"

बाहेर गु काच वेगळी करत होता, त्याचा खणखणाट येत होता. प्योला वाटलं, आता अर्धं सांगावं. बावीस वर्षं तो अर्धंच सांगत आला होता.

"मीच पाठवलं त्याला," तो म्हणाला. "म्हटलं, तू पुढून जा, मी मागच्या दाराने येतो. तो गेला. मी गाडीचं दार उघडलं आणि मागच्या दाराशी चौघे उभे दिसले, हातात मासे कापायचे लांब सुरे. मी दार परत लावलं."

"मग?"

"बसून राहिलो."

"किती वेळ?"

"चार मिनिटं. कुमक आली, तेव्हा उतरलो."

सुन-ओक रडली नाही. ओढणीसारखा गळ्यात टाकलेला रुमाल तिने घडी करून पिशवीत ठेवला. "बावीस वर्षं माझ्या हातचं खाल्लंत," एवढं बोलून ती उठली. दारात थांबून म्हणाली, "दा-इनला मी चार मिनिटं गाडीत बसलात एवढंच सांगेन, बाकी नाही. तिला पाठवते. तुम्ही सांगा. आणि लिहून द्या."

दुपारी कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत दा-इन आली. प्योने नोंदवहीतलं एक पान फाडून लिहून ठेवलं होतं. खाली पूर्ण नाव, जुना बिल्ला क्रमांक आणि नावाचा शिक्का. ती त्याला लहानपणापासून मोठे बाबा म्हणायची. आज तिने काहीच म्हटलं नाही, वाकून नमस्कारही केला नाही. उभ्या उभ्या कागद वाचला, पुन्हा वाचला.

"इथे लिहिलंय, 'मी थोड्या वेळाने पोचलो'," ती म्हणाली. "आई म्हणाली, चार मिनिटं. आणि पोचलो कसं? तुम्ही तिथेच होतात."

"हो."

"मग तसं लिहा. हा कागद मी पोलीस खात्यात देणार आहे, बाबांच्या जागेसाठी. आणि त्या मतांच्या खालीही टाकणार आहे. लोक तुम्हाला काय म्हणतील माहितीये ना?"

"माहितीये. तेच वाचतोय तीन दिवस," प्यो म्हणाला. त्याने चष्मा पुसला, कोरं पान घेतलं आणि पहिल्यापासून लिहायला सुरुवात केली. एकेक शब्द तपासून लिहीत होता, त्यामुळे वेळ लागला. दा-इन घड्याळ न बघता उभी राहिली.