उथळ वाटी

दुकानात बायका तिला ताई म्हणायच्या, पण शाळेतल्या मैत्रिणींसाठी ती बदकच. चालताना ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुलायची. चिडवलेलं ती हसण्यावारी न्यायची.

केस कापायचं काम म्हणजे दिवसभर उभं राहणं. पंचेचाळिशी उलटली आणि जांघेत अशी कळ यायला लागली, की कात्री ठेवून खुर्चीची पाठ धरावी लागे. वजन कमी कर, हा सल्ला सगळे फुकटात द्यायचे. तिने रात्रीचं जेवण सोडलं. दुखणं काही तिला सोडेना.

शेवटी लेक तिला ओढतच हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तान्ही नात लेकीच्या कडेवर होतीच. बाईंनी एक्स-रे उजेडावर धरला आणि पेनाचं टोक त्यातल्या एका गोलावर टेकवलं.

"हे बघा, मांडीच्या हाडाचा हा गोल. खुब्याच्या वाटीने तो वरून नीट झाकायला हवा. तुमच्या दोन्ही वाट्या उथळ आहेत. गोल निम्मा उघडाच. थोड्याशा जागेवर सगळा भार, म्हणून झीज झाली."

"म्हणजे माझ्या वजनामुळे नाही?"

"जन्मापासूनचं आहे हे, ऑपरेशनने सुधारता येतं. तुमचा काय दोष?"

ताईला रडूच कोसळलं.

"आई, अगं, ऑपरेशन करता येतं म्हणतायत ना!" लेक घाबरून म्हणाली.

पण ताईला ऑपरेशनची धास्ती नव्हती. इतकी वर्षं ती स्वतःलाच बोल लावत आली होती. डोळे पुसून तिने विचारलं, "हे पोराबाळांत उतरतं का हो?"

"उतरू शकतं."

लेकीने कडेवरच्या पोरीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "लंगोट बदलताना हिचा डावा पाय जरा अडतो."

नातीचाही एक्स-रे निघाला. इवल्याशा खुब्यांवर बाईंनी रेघा आखल्या. डाव्या वाटीचं छप्पर फारच तिरकं होतं.

"बरं झालं आत्ताच कळलं. हाडं कोवळी आहेत. पाय फाकलेले राहतील असे पट्टे बांधू, गोल नीट बसून राहिला की वाटी खोल होत जाईल."

पट्ट्यांत पाय फाकवून पोर पहिले काही दिवस घर डोक्यावर घ्यायची. दुकान बंद ठेवून ताई तिला खेळवत बसे. पट्टे सुटल्यावरच तिने स्वतःच्या ऑपरेशनला होकार दिला.

ऑपरेशननंतर ती काठी घेऊन घरात चालायला शिकत होती, तेव्हाच नातही भिंत धरून उभी राहायला लागली. दोघी सारख्याच पडायला घाबरायच्या, आणि ताईचा नवरा दोघींच्या मागे हात पसरून फिरायचा.